व्यवसाय कराची कूळकथा

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे संगणकाचे काम करणाऱ्या तरुणांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार पुरे होतात. हा कर कोणासाठी बसविला गेला, असे मी अनेकांना विचारून पाहिले. बहुतेकांस सांगता आले नाही.

ह्याच तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. मुंबईस वीज मिळावी म्हणून टाटांचे धरण होत होते व मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जात होती. शहराच्या सोयीची किंमत तेव्हा खेड्याने मोजली. पुढे अर्धशतकाने शहराने खेड्यासाठी पैसे मोजावे, असा कायदा झाला, तो हाच.

१९७२ च्या दुष्काळात लक्षावधी शेतकरी खडी फोडावयास बसले. दुष्काळी काम म्हणजे सरकारचा उपकार, अशी इंग्रजी अमदानीपासूनची समजूत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती उलटविली : मागेल त्याला काम, आणि तेही हक्काने. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला; मोटारी, विक्रीकर व बागाईत जमीन यांवरही अधिभार बसला. जेवढे करातून येईल तेवढीच भर सरकारने घालावयाची होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

एरवी घरपट्टी वाढली तरी कुरकुरणारा शहरवासी हा कर निमूटपणे देत राहिला. दया होतीच, पण गावी काम मिळाले तर मुंबईच्या पदपथावर गर्दी होणार नाही, हा हिशेबही होता. मला त्यात काही गैर वाटत नाही. केवळ दयेवर चाललेली कामे दुष्काळ सरताच बंद पडतात.

तक्रारी खोट्या नव्हत्या. हजेरीपटावर बनावट नावे चढली, रस्ते अर्धवट राहिले. पुढे कामे घटली तेव्हा काही वर्षे जमा अधिक व खर्च कमी, असेही घडले. तेव्हा मात्र करदात्यांपैकी फारसा कोणी जाब विचारला नाही. आपण कशासाठी देतो हेच ज्यास ठाऊक नाही, तो विचारणार तरी काय?

२००५ साली केंद्र सरकारने देशभर रोजगार हमीचा कायदा केला, त्यापुढे महाराष्ट्राचाच कित्ता होता. पगारपत्रकातील त्या कपातीपुढे 'रोजगार हमीसाठी' एवढा एक खुलासा छापावयास फारशी शाई लागणार नाही.