संस्था नोंदणी : कायदेशीर मदत कुठे मिळते आणि ती नेमकी कशासाठी घ्यावी?

वस्तीत अभ्यासिका चालवणारे, आरोग्य शिबिरे घेणारे, १४ एप्रिलच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत मुलांना वह्या वाटणारे तरुणांचे गट आज गावोगावी आहेत. काम दोन-तीन वर्षे टिकले की कोणीतरी विचारतेच, "तुमची संस्था रजिस्टर आहे का?" अभ्यासिकेला जागा हवी असते, देणगीदाराला पावती हवी असते किंवा एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी मिळण्यासारखा असतो. मग धावपळ सुरू होते आणि गट बहुतेक वेळा एजंटकडे पोहोचतो. एजंट छापील घटना काढतो, सात जणांच्या सह्या घेतो आणि काही दिवसांनी प्रमाणपत्र हातात देतो.

आम्ही वस्त्यांमध्ये युवा गटांसोबत काम करतो. प्रमाणपत्र मिळवताना फारसे कोणी अडत नाही. भांडणे लागतात ती पाच-दहा वर्षांनी. विहाराची जागा कोणाच्या नावावर? सभासद कोण? बँकेत सही कोणाची? ही उत्तरे घटनेत नसली की प्रकरण धर्मादाय कार्यालयात जाते आणि चालू अभ्यासिकेला कुलूप लागते. म्हणून कायदेशीर मदत घ्यायची ती मुख्यतः घटना लिहिताना. अर्ज भरणे हे त्यानंतरचे आणि सोपे काम आहे.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तीसुद्धा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली होती. लिखित उद्दिष्टे, व्यवस्थापक मंडळ आणि हिशेब ही शिस्त आपल्या चळवळीला नवी नाही.

कोणत्या कायद्याखाली नोंदणी?

महाराष्ट्रात प्रामुख्याने तीन मार्ग आहेत.

१. संस्था (सोसायटी) : संस्था नोंदणी कायदा, १८६० नुसार किमान ७ व्यक्ती लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात. दुसऱ्या नोंदणीचा क्रमांक 'एफ'ने सुरू होतो. पहिले प्रमाणपत्र घेऊन थांबलेल्या संस्थेची नोंदणी अर्धवटच राहते.

२. सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) : न्यासपत्र करून १९५० च्या कायद्याखाली नोंदणी होते. कारभार विश्वस्तांच्या हाती असतो. सभासदांनी निवडणूक घेऊन कार्यकारिणी बदलायची असेल तर संस्था हा मार्ग बरा.

३. कलम ८ ची कंपनी : कंपनी कायदा, २०१३ खाली किमान दोन सभासदांनी स्थापन करता येते. नोंदणी केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे होते. दरवर्षीची विवरणपत्रे आणि सीएचा खर्च धरूनच हा मार्ग निवडावा.

वस्तीतील कामाला बहुधा पहिला मार्ग सोयीचा पडतो, कारण सर्वसाधारण सभा आणि निवडणूक त्याच्या रचनेतच आहे.

घटनेतील कोणते शब्द वकिलाकडून तपासून घ्यावेत?

उद्दिष्टे : आपल्या गटांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. छापील घटनेत "फक्त बौद्ध समाजाच्या कल्याणासाठी" असे वाक्य सहज घातले जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात एका विशिष्ट धर्मसमुदायासाठी किंवा जातीसाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेला करसवलत नाकारण्याची तरतूद आहे. मात्र अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, महिला आणि बालके यांच्यासाठीच्या संस्थेला ती अट लागू होत नाही, असे स्पष्टीकरण त्याच कायद्यात दिले आहे. म्हणजे काम तेच, लाभार्थी तेच, पण उद्दिष्टांतील चार शब्दांवर देणगीदाराची ८०जी सवलत अवलंबून राहते. विहार आणि धम्मकार्य हाच मुख्य हेतू असेल तर तसे स्पष्ट लिहावे. मग शिक्षण-आरोग्याचे काम वेगळ्या संस्थेतून करावे का, हे वकील आणि सीए दोघांनाही विचारावे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून सल्ला जुन्या पुस्तकावरून घेऊ नये.

सभासदत्व : सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, कोणत्या कारणाने आणि कोणत्या पद्धतीने नाव कमी होते, हे लिहिलेले असावे. हे कलम मोघम असले की निवडणुकीच्या आदल्या महिन्यात सभासद वाढतात नाही तर गायब होतात.

मालमत्ता : विहार, अभ्यासिका किंवा समाजमंदिरासाठी दान मिळालेली जागा संस्थेच्याच नावावर व्हावी. विश्वासू कार्यकर्त्याच्या नावावर ठेवलेली जागा त्याच्या पश्चात वारसांकडे जाते आणि समाजाकडे फक्त आठवण उरते. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची असेल तर १९५० च्या कायद्याचे कलम ३६ धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी मागते. जागा संस्थेच्या नावावर असेल तरच हे संरक्षण मिळते.

सभा आणि सह्या : सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती, बँकेत कोणत्या दोघांच्या सह्या, कार्यकारिणीची मुदत किती, हे आकड्यांत लिहावे. एकाच घरातील माणसे कार्यकारिणीत किती असावीत, तेही ठरवावे.

नाव आणि बोधचिन्ह : 'अशोकचक्र' व 'धर्मचक्र' हे शब्द आणि राष्ट्रध्वजावरील चक्राचे चित्र यांच्या वापरावर १९५० च्या बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायद्याचे बंधन आहे. ही नावे आपल्याला जवळची वाटतात, म्हणून ती ठरवण्याआधी विचारून घ्यावे.

मोफत मदत कुठे?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला, बालके आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धधर्मीयांचाही केंद्राच्या यादीत समावेश झाला, त्यामुळे जात प्रमाणपत्र असलेल्या बौद्ध तरुणांना हा हक्क आहे. तरुणी तर केवळ महिला म्हणूनही पात्र ठरतात.

अनेकांना वाटते की ही सेवा फक्त कोर्टात केस असणाऱ्यांसाठी आहे. पण 'विधी सेवे'च्या व्याख्येत कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे येते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, हा हक्क व्यक्तीचा आहे, संस्थेचा नाही. म्हणून अर्ज गटातील एका पात्र सभासदाने स्वतःच्या नावाने करावा आणि "आमच्या नियोजित संस्थेच्या घटनेबाबत सल्ला हवा" असे स्पष्ट लिहावे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, तालुका पातळीवर तालुका विधी सेवा समिती असते. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

याशिवाय विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रे चालतात. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली मसुदा वाचून देऊ शकतात. गावातील सीएससी केंद्रावरून 'टेली-लॉ' सेवेत वकिलाशी फोनवर बोलता येते. धर्मादाय कार्यालयात शुल्क आणि कागदपत्रांची यादी विचारावी, पण तिथले कर्मचारी आपले वकील नव्हेत.

पैसे देऊन मदत घेताना

धर्मादाय कार्यालयात नियमित काम करणारा वकील निवडावा. करसवलतीचे काम सीएचे. फी आणि कामाची यादी आधी लिहून घ्यावी, पावती घ्यावी, कोऱ्या कागदावर सही करू नये. अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल गटाचाच द्यावा. एजंटचा दिला तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढच्या प्रत्येक कामाला त्याच्या दारात उभे राहावे लागते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

- पॅन काढून संस्थेच्या नावे बँक खाते उघडावे.
- कार्यकारिणी किंवा मालमत्तेत बदल झाला की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा. तो दिला नाही तर शेड्यूल-१ वर जुनीच नावे राहतात आणि बँक त्यांनाच पदाधिकारी मानते.
- हिशेब दरवर्षी तपासून घ्यावेत.
- १२ए आणि ८०जी ची नोंदणी नव्या संस्थेला आधी तीन वर्षांपुरती तात्पुरती मिळते. मुदतीची तारीख इतिवृत्तात लिहून ठेवावी.
- सीएसआर निधीसाठी सीएसआर-१ अर्ज लागतो.
- परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसाची देणगीही विदेशी देणगी ठरते. एफसीआरए परवानगी नसताना ती घेऊ नये. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून पाठवलेली देणगी त्यात मोडत नाही.

पहिल्या भेटीला काय न्यावे?

वकिलाकडे जाण्याआधी सर्व सभासदांनी एकत्र बसून एक पान लिहावे. आपण काय काम करतो, कोणासाठी करतो, पैसा कुठून येतो, जागा कोणाची आहे आणि उद्या आपल्यात मतभेद झाले तर निर्णय कोण घेईल? शेवटच्या प्रश्नावर सगळे गप्प झाले तर त्या दिवशी वकिलाकडे जाऊ नये. तो प्रश्न आधी आपसात सोडवावा, कारण वकील शब्द देऊ शकतो, एकमत देऊ शकत नाही. ते पान, सर्वांचे ओळखपत्र व पत्त्याचे पुरावे, जागामालकाचे संमतीपत्र आणि आतापर्यंतचा जमाखर्च एवढे नेले की पहिल्याच भेटीत कामाचे बोलता येते. मसुदा हातात आला की तो वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. ज्या सभासदाला वाक्य कळले नाही त्याला विचारू द्यावे आणि ते वाक्य बदलून घ्यावे. त्यानंतरच सह्या कराव्यात.