संत्र्याच्या रसाचा खटला



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक चालू होती. हप्ते गोळा करत होते, तेवढ्यात एका काकूंना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. विचारलं एक, तर त्या बोलायच्या भलतंच. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बाहेरचं काही झालंय का?" काकूंच्या सुनेने मात्र वेळ घालवला नाही. पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि सासूच्या तोंडात घातला. काकू शुद्धीवर होत्या, गिळत होत्या, म्हणून बरं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, श्वासनळीत जातं. पंधरा-वीस मिनिटांत काकू भानावर आल्या आणि पहिलं काय विचारलं, तर "माझा हप्ता लिहिला का?"

इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला, तर रक्तातली साखर उतरते. मेंदूला साखर पुरत नाही. माणूस अडखळतो, चिडतो, वेड्यासारखा पळतो. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय. त्या दिवशी मी बायांना ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तीच आज रेडिओवर सांगते. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण सुरुवात अगदी काकूंसारखीच आहे.

१२ नोव्हेंबर १९८४. नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं शार्लट शहर. डेथॉर्न ग्रॅहम नावाच्या एका काळ्या माणसाला मधुमेह होता. साखर उतरतेय हे त्याला जाणवलं. त्याने बेरी नावाच्या मित्राला गाडी काढायला सांगितली आणि दोघं संत्र्याचा रस घ्यायला जवळच्या दुकानात गेले. आत पैसे द्यायला मोठी रांग. थांबणं शक्य नव्हतं. ग्रॅहम तसाच घाईने बाहेर आला आणि म्हणाला, चल, दुसऱ्या मित्राच्या घरी जाऊ.

समोर कॉनर नावाचा पोलीस अधिकारी उभा होता. एक माणूस घाईने दुकानात शिरला आणि घाईने बाहेर पडला, एवढंच त्याने पाहिलं. चोरीचा संशय आला. अर्ध्या मैलावर त्याने गाडी अडवली. बेरीने सांगितलं, साहेब, याची साखर उतरलीय. कॉनर म्हणाला, दुकानात काय झालं ते कळेपर्यंत थांबा.

तो जादा पोलीस बोलवायला आपल्या गाडीकडे वळला, तेवढ्यात ग्रॅहम बाहेर पडला, गाडीभोवती दोन फेऱ्या पळाला, रस्त्याच्या कडेला बसला आणि बेशुद्ध पडला. बाकीचे पोलीस आले. बेरी विनवत होता, याला थोडी साखर द्या हो. कुणी ऐकलं नाही. ग्रॅहमला पालथं करून हात मागे घट्ट बेड्यांत अडकवले. एक पोलीस म्हणाला, शुगरवाले खूप पाहिलेत मी, असं कुणी करत नाही, हा प्यायलाय. सोबत शिव्याही दिल्या, त्या मी इथे सांगत नाही. मग उचलून त्याला गाडीच्या बॉनेटवर पालथं टाकलं. जरा शुद्ध आली तसा ग्रॅहम म्हणाला, माझ्या पाकिटात बघा, मधुमेहाची खूण आहे. त्यावर 'गप्प बस' म्हणत त्याचं तोंड बॉनेटवर दाबलं. चौघांनी धरून त्याला पोलीस गाडीत डोक्याकडून फेकलं.

शेवटी दुकानातून निरोप आला, तिथे काहीच झालेलं नाही. मग पोलिसांनी ग्रॅहमला घरी नेऊन सोडलं. पायाचं हाड मोडलेलं, मनगटं कापलेली, कपाळ सुजलेलं, खांदा दुखावलेला. उजव्या कानात सतत आवाज येत राहतो, असंही त्याने पुढे कोर्टात सांगितलं.

आता प्रश्न असा, की साधा माणूस पोलिसांवर खटला भरतो तो कशाच्या जोरावर? त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेत गुलामगिरी संपली, पण दक्षिणेतल्या राज्यांत कु क्लक्स क्लान नावाच्या टोळ्या काळ्या लोकांना मारत, जाळत होत्या आणि तिथले अधिकारी डोळे मिटून बसत. म्हणून १८७१ साली देशाच्या संसदेने कायदा केला, की सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी तुमचा घटनेतला हक्क मोडला, तर त्या माणसावर तुम्ही केंद्राच्या कोर्टात दावा लावू शकता. कायदा झाला, पण पुढची नव्वद वर्षं तो जवळजवळ झोपूनच होता. १९६१ साली शिकागोच्या मन्रो कुटुंबाने त्याला जागं केलं. पोलीस पहाटे त्यांच्या घरात घुसले होते आणि आईबापांना उघडं उभं केलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हो, त्या पोलिसांवर दावा लागतो, पण शहरावर लागत नाही.

शहरावरचा दावा पुढे कुणी मोकळा केला माहीत आहे? न्यूयॉर्कच्या सरकारी नोकरीतल्या गरोदर बायांनी. गरज नसताना त्यांना बिनपगारी रजेवर बसवत होते. त्या कोर्टात गेल्या आणि १९७८ साली निकाल लागला, की धोरणच चुकीचं असेल तर शहरालाही जबाबदार धरता येतं. पोटुशा बायांच्या पगाराची ही लढाई पुढे पोलिसांच्या मारहाणीच्या खटल्यांना कामी आली. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

तर ग्रॅहमने याच कायद्याखाली दावा लावला. खालच्या कोर्टाने त्याचा पुरावा ऐकला आणि ज्युरीपुढे, म्हणजे साध्या नागरिकांच्या पंचांपुढे, प्रकरण जाऊच दिलं नाही. पोलिसांनी छळण्याच्या दुष्ट हेतूने मारलं होतं का, हे त्या कोर्टाने पाहिलं. दुसऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करायचा कसा? अपिलातही ग्रॅहम हरला.

१५ मे १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. सगळ्या नऊ न्यायाधीशांचं त्यावर एकमत होतं. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी लिहिलं, की पोलिसाच्या मनात काय होतं ते बघू नका. त्या जागी एखादा समंजस पोलीस असता तर त्याला इतका बळाचा वापर वाजवी वाटला असता का, ते बघा. गुन्हा किती गंभीर, धोका किती, माणूस प्रतिकार करतोय का, पळतोय का, हे तपासा. आणि नंतर सगळं कळल्यावर शहाणपण सांगू नका, त्या क्षणी दिसत होतं त्यावरून ठरवा.

हे ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या मते इथेच मेख आहे. ही मोजपट्टी 'समंजस पोलिसा'ची आहे, समंजस आजाऱ्याची नाही. आजारी माणूस पळतो, हात झटकतो, तो प्रतिकार धरायचा की आजार? ग्रॅहमचा खटला पुन्हा चालला, या वेळी ज्युरीपुढे, आणि ज्युरीने पोलिसांच्या बाजूने कौल दिला. ज्याच्या नावाने हा नियम देशभर चालतो, त्यालाच त्यातून काही मिळालं नाही.

पुढे असे खटले येत राहिले. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये एका आजीने नातवाला फिट आली म्हणून ९११ वर फोन केला. मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या आणि रुग्णसेवेच्या लोकांनी नातवाला पालथं दाबून बांधलं. तो गेला. २००७ साली अपील न्यायालय म्हणालं, ते मदतीला आले होते, अटक करायला नाही, त्यामुळे या कायद्याने दावा होत नाही. मिशिगनमध्ये एका मुलीने वडिलांना फिट आली म्हणून फोन केला. तिथे पोलिसांनी बेड्या घातल्या, वर घरातले ड्रॉवर आणि औषधाचं कपाट धुंडाळलं. २०१० साली त्याच अपील न्यायालयाने त्या वडिलांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला, कारण ज्युरीला पटलं होतं की हे वागणं मदतीचं नव्हतं, पोलिसीच होतं. फोन दोन्ही घरांतून मदतीसाठीच केला होता.

२०१७ साली त्या न्यायालयाने आजाऱ्यांसाठी वेगळे प्रश्न मांडले. माणूस आजारामुळे विचार करण्याच्या स्थितीत नव्हता का? त्याच्यापासून त्याला किंवा दुसऱ्याला तातडीचा धोका होता का? बळ वापरायची गरज होती का, आणि गरजेपेक्षा जास्त वापरलं का? तो खटलाही साखर उतरलेल्या माणसाचाच होता. त्याला विजेचा झटका दिला होता. प्रश्न नवे आले, पण निकाल त्या माणसाच्या बाजूने लागला नाही.

बैठकीत ही गोष्ट संपली तेव्हा काकूंनी विचारलं, "अगं, पण त्या ग्रॅहमला रस मिळाला का शेवटी?" मी त्यांना निकालपत्रात आहे ते सांगितलं. तो पोलीस गाडीत असताना एक मित्र संत्र्याचा रस घेऊन आला होता. पोलिसांनी तो देऊ दिला नाही.