खारेपाटातील जिताडा आणि जोळ

आमच्या आगरी ज्ञातीचे नाव ‘आगर’ या शब्दावरून पडले असे सामान्यतः मानले जाते, व म्हणून आमचा इतिहास लिहू जाणारा मिठागरांपासून आरंभ करतो. आम्ही येथे हिवाळ्यातील एका माशापासून आरंभ करीत आहोत. अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटात ज्यास जिताडा म्हणतात, तोच गोव्याचा चोणक व बंगालची भेटकी होय.

हा मासा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात त्याची पिले भरतीबरोबर आत शिरतात आणि मचूळ पाण्यात, प्रसंगी भातखाचरांतही वाढतात. तो आरंभी नर असतो व काही वर्षांनी मादी होतो, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे आमच्या आजोबांनी थट्टेवारीच नेले असते.

भाताची कापणी उरकून थंडी पडली म्हणजे खाडीकाठी दुसरा हंगाम सुरू होई. बांधाच्या उघाडीतून खाचरांतील पाणी ओहोटीस बाहेर पडू लागले की तिच्या तोंडाशी जाळे लावीत. पाग घेऊन खाडीत उतरणारा आधी तिथी पाही. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती, हा हिशेब निरक्षरालाही तोंडपाठ असे. म्हणजे अष्टमीस सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांवर पहाटेच्या गारठ्यात केव्हा उठावयाचे ते ठरे. घराजवळच्या तळ्यात सोडलेला जिताडा मात्र सहसा काढीत नसत. तो लग्नकार्यासाठी, पाहुण्यासाठी आणि (खरे ते सांगावे) कचेरीतील साहेबासाठी राखलेला असे.

परंतु शेत, तळे व उघाडी ही सर्व उभी होती ती समुद्राच्या बांधावर. बांध घालून खार जमीन लागवडीस आणणारे शिलोत्रीदार कागदोपत्री आढळतात. मातीचे काम ज्यांच्या हातांनी झाले त्यांची नावे आढळत नाहीत. ज्यांची खाचरे एका बांधाआड, ते सर्व मिळून बांधाची डागडुजी करीत. या पद्धतीस जोळ म्हणत. उधाणात बांधास भगदाड पडले तर रात्रीसुद्धा माणसे चिखलात उभी राहत, कारण एकाचे खाचर बुडाले की शेजाऱ्याचेही बुडणार. 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारून वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या. त्या एकजुटीची तालीम जोळात झाली होती असे आम्हांस वाटते.

1948 च्या खार जमीन कायद्याने बांधांचे काम सरकारी व्यवस्थेकडे जाऊ लागले. 1979 मध्ये नवा कायदा आला. मदत हवीच होती, पण जोळ मोडली. पुढे कित्येक ठिकाणी बांध फुटले, दुरुस्ती वेळेवर झाली नाही, आणि पिकत्या खाचरांत खारफुटी उगवली. तळ्यांत खारे पाणी शिरले.

1997 मध्ये चेन्नईच्या केंद्रीय मचूळजल मत्स्यपालन संस्थेने जिताड्याचे कृत्रिम प्रजनन साधले, व आता बीज विकत मिळते. तळे राखणारी घरे ते आणतात. बांध राखणारी घरे थोडी उरली आहेत. ज्या कुटुंबांत जोळाच्या कामाचे जुने कागद किंवा वह्या असतील, त्यांनी त्या पुढील अंकासाठी आम्हांस दाखवाव्यात. नकलून घेऊन जशाच्या तशा परत करू.