नकाशावरील घर आणि ब्रासचा हिशेब

पाया खणण्यापूर्वीच घराचा दगड-चुना नकाशावरून मोजण्याची विद्या आपल्या प्रांती सरकारी बांधकाम खात्यामुळे रुजली. त्याच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना शिकविण्यासाठी १८५४ साली पुण्यास अभियांत्रिकी शाळा निघाली. वीस फूट लांब, दहा फूट उंच, दीड फूट जाड भिंत म्हणजे ३०० घनफूट, अर्थात तीन ब्रास. तीत चार बाय सात फुटांचे दार असेल तर ४२ घनफूट वजा, उरले २.५८ ब्रास. ही वजावट राहिली की भुर्दंड घरधन्यास. उलट, ठरीव रकमेच्या मक्त्यात एखादी भिंतच मोजावयाची सुटली, तर मक्तेदार बुडालाच! १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली, नकाशे मीटरांत निघू लागले. वाळूवाला मात्र अद्याप ब्रासच बोलतो. सबब आपल्या तरुण अभियंत्यांस २.८३ घनमीटर हा आकडा मुखोद्गत ठेवावा लागतो.