आण्णा, लिंकन आणि एक बाक

परवा गराजमधली खोकी आवरायला घेतली. घर आवरताना होतं तेच झालं, आवरणं बाजूला राहिलं आणि मी जमिनीवर मांडी घालून जुने कागद वाचत बसलो. त्यात एक घडीचा नकाशा निघाला. डिस्नेलँडचा, १९९६ सालचा. मागच्या कोऱ्या जागेत बॉलपेनने आण्णांच्या अक्षरात हिशोब होता. "मोठी तिकिटे ४, लहान १." पुढे डॉलरचा आकडा, त्याला गुणिले पस्तीस आणि रुपयांतल्या बेरजेखाली दोन रेघा. सगळ्यात खाली एक ओळ : "लिंकन – २ वेळा."

ही ओळ बघितली आणि खोकी तशीच राहिली. म्हटलं, आज हे लिहून काढावं.

आण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत, निवृत्त झाले तेव्हा हेडमास्तर होते. १९९६ च्या उन्हाळ्यात आई-आण्णा पहिल्यांदाच अमेरिकेत आमच्याकडे आले. मला इथे येऊन सहा वर्षं झाली होती, चिरंजीव सात वर्षांचे होते आणि आम्हीही तोवर डिस्नेलँड पाहिलेलं नव्हतं. "आण्णा-आई आले की सगळे मिळून जाऊ" असं म्हणत दोन वर्षं ढकलली होती. तर एका शनिवारी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन बे एरियातून निघालो ते साडेसहाशे किलोमीटर गाडी हाकत संध्याकाळी अ‍ॅनाहाइमला पोचलो.

रविवारी सकाळी तिकिटाच्या खिडकीपाशी आण्णांनी विचारलं, "मी काय त्या पाळण्यांत बसणार नाही. मग मला पूर्ण तिकीट कशाला?"

मी म्हणालो, "आण्णा, इथे एकच तिकीट असतं. आत गेलं की हवं त्यात बसा."

"आणि नाही बसलं तर?"

मी उत्तर दिलं नाही. पाकीट काढलं.

आण्णांच्या त्या प्रश्नाला खरं तर इतिहासात उत्तर आहे, पण ते मला फार उशिरा कळलं. १७ जुलै १९५५ ला बाग उघडली तेव्हा मोठ्या माणसाला आत जायला एक डॉलर पडायचा, मुलांना अर्धा. पाळणे, होड्या, आगगाडी यांचे पैसे वेगळे. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुपनांची पुस्तकं निघाली, ए, बी, सी अशा प्रतींची. सगळ्यात थरारक प्रकारांसाठीचं 'ई' कुपन १९५९ मध्ये आलं. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली, मग सगळ्याला मिळून एकच तिकीट झालं. म्हणजे आण्णा आधी आले असते तर आत शिरून, कशातही न बसता, नुसतं बाकावर बसून दिवस काढू शकले असते आणि हिशोबाच्या दोन रेघा जरा वर आल्या असत्या.

एकच तिकीट झाल्यावर माणसाच्या डोक्यात एकच शब्द घुमायला लागतो : वसूल. मी आदल्या रात्री मोटेलात बसून वेळापत्रक केलं होतं. आधी मॅटरहॉर्न, मग स्पेस माउंटन, मग पायरेट्स... आण्णांचे गुडघे दुखायचे आणि आईला तर साध्या एसटीतही मळमळायचं. तेव्हा मी काय करावं? मेन स्ट्रीटच्या तोंडाशी जो चौक आहे तिथल्या एका बाकावर त्या दोघांना बसवलं, पिशव्या शेजारी ठेवल्या आणि म्हणालो, "तुम्ही इथेच बसा. आम्ही दोन तासांत येतो."

आण्णा म्हणाले, "जा जा. पोराला फिरवून आणा."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. लहानपणी दर थंडीत आम्ही पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला जायचो. मी आणि ताई पाळण्यात बसायचो आणि आण्णा खाली उभे. एका हातात आमच्या चपला, दुसऱ्या हातात गोडी शेवेची पुडी. पाळणा वर गेला की मी खाली बघायचो, तर इवलेसे आण्णा मान वर करून आम्हाला शोधत असायचे. ते स्वतः पाळण्यात बसलेले मी कधी पाहिले नाहीत. का बसत नाहीत हा प्रश्नही कधी पडला नाही. बाप खालीच उभा असतो, त्यात विचारायचं काय!

आता गंमत बघा. डिस्नेलँडचा सगळा जन्म नेमका याच गोष्टीतून झालेला आहे.

वॉल्ट डिस्नेला दोन मुली, डायेन आणि शॅरन. शनिवार हा बापाने मुलींना फिरवायचा दिवस. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड आहे, तिथे मुली गरागरा फिरायच्या आणि वॉल्ट बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट बघायचा. तिथे बसल्या बसल्या त्याला वाटलं की आईबापांना आणि पोरांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये? ही हकीकत पुढे त्याने स्वतःच सांगितली आहे. तेव्हाच्या करमणुकीच्या बागा बऱ्याचशा कळकट असत. बायकोनेही त्याला विचारलं होतं की असल्या बागेच्या भानगडीत कशाला पडतोस? त्याचं म्हणणं होतं, माझी तशी नसेल.

पण हे स्वप्न पुरं करायला पैसा लागतो. कंपनीचा व्यवहार बघणारा भाऊ रॉय सुरुवातीला साशंकच होता. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढलं. एबीसी या टीव्ही कंपनीने पाच लाख डॉलर घातले आणि कर्जाला हमी दिली, त्या बदल्यात वॉल्टने त्यांना दर आठवड्याला टीव्ही कार्यक्रम द्यायचा असं ठरलं. अ‍ॅनाहाइममधल्या संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली. ती जागा कशी निवडली? तर स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांना अभ्यास करायला लावून. नवा महामार्ग कुठून जाणार, वस्ती कुठल्या दिशेने वाढणार, हे सगळं मांडून. जुलै १९५४ मध्ये काम सुरू झालं आणि वर्षभरात, सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर खर्चून, बाग उभी राहिली.

उद्घाटनाच्या दिवशी तर लग्नघरात आचारी पळून जावा तशी तारांबळ झाली. बनावट आमंत्रणपत्रिका निघाल्या आणि अठ्ठावीस हजारांवर माणूस लोटला. ऊन असं की ताज्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे नळ आणि संडास यांतलं एकच वेळेत पुरं होणार होतं, वॉल्टने संडास निवडले. टीव्हीवरून थेट प्रक्षेपण चालू होतं आणि निवेदन करणाऱ्या तिघांपैकी एक होता रोनाल्ड रेगन! एवढं होऊनही दोन महिन्यांच्या आत दहा लाख लोक येऊन गेले.

या सगळ्या हकीकतीत मला एक गोष्ट मात्र टोचते. बाग उघडली तेव्हा डायेन एकवीस वर्षांची होती. तिचं लग्न झालेलं, मांडीवर मूल. शॅरन अठरा वर्षांची. ज्या मुलींबरोबर बसता यावं म्हणून बापाने बाग बांधायला घेतली, त्या बाग होईपर्यंत मोठ्या झाल्या होत्या.

असो. तर त्या रविवारी आम्ही दोन तासांचे तीन तास करून परत आलो. बाकावर आई एकटीच. आण्णा नाहीत. तेव्हा मोबाइल नव्हते. परका देश, एवढी गर्दी... माझ्या पोटात गोळाच आला.

"कुठे गेलेत?"

"त्या समोरच्या थेटरात," आई शांतपणे म्हणाली. "लिंकन आहे म्हणाले. एकदा जाऊन आले, परत गेलेत. बस तू, येतील."

आण्णा आले ते जवळजवळ धावतच, गुडघे विसरून. "अरे, तो उभा राहतो! खुर्चीत बसलेला असतो, हाताला आधार देतो आणि उभा राहतो. आणि बोलतो! चल, तू बघच."

आण्णांच्या ऑफिसात खुर्चीच्या मागे एक तसबीर असायची : लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र, वसंत बापटांच्या अनुवादात. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत ते लावलेलं असे. आण्णा दरवर्षी पाच सप्टेंबरला ते पोरांना वाचून दाखवायचे. त्यामुळे हा माणूस समोर उठून उभा राहिला तेव्हा त्यांना काय झालं असेल, ते मला आज कळतं.

त्या दिवशी मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "आण्णा, तो पुतळा आहे, यंत्राचा. अजून चार राइड राहिल्यात. नंतर बघू."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि परत बाकावर बसले.

'नंतर' काही आलं नाही. रात्री दिव्यांची मिरवणूक निघाली तेव्हा फुटपाथच्या कडेला आम्ही पाचही जण ओळीने बसलो. नातू आजोबांच्या मांडीवर झोपला होता. अख्ख्या दिवसात आम्ही सगळे एका ठिकाणी बसलो ते एवढंच. आण्णा म्हणाले, "छान झाली हो यात्रा." आणि खिशातून पेन काढून नकाशावर हिशोब मांडला.

२००६ साली आण्णा गेले.

२०११ मध्ये कामानिमित्त अ‍ॅनाहाइमला गेलो होतो. एक दुपार मोकळी होती. एकटाच आत गेलो, कुठल्याही रांगेत उभा राहिलो नाही, सरळ त्या थेटरात शिरलो. आधीच्या दालनात एक जुना लाकडी बाक ठेवला होता. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं की ग्रिफिथ पार्कातला, वॉल्ट ज्यावर बसायचा तो हाच बाक. मी पाटी दोनदा वाचली. म्हणजे बाकावर बसवून ठेवलेला माझा बाप रस्ता ओलांडून नेमका ह्या इमारतीत आला होता!

आत लिंकन उभा राहिला. खरंच राहतो हो. हे यंत्र १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलं होतं, तिथे लोकांना इतकं आवडलं की १९६५ मध्ये डिस्नेलँडमध्येही आणलं. वॉल्टला लहानपणापासून लिंकनचं वेड. शाळेत असताना तो लिंकनचा वेष करून भाषण म्हणायचा, आणि हेडमास्तरांनी त्याला वर्गावर्गातून फिरवून ते म्हणायला लावलं होतं. हेडमास्तरांनी! हे आण्णांना सांगायला मिळालं असतं तर त्यांनी ते गावभर सांगितलं असतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र सांगितली नसती. ते तसबिरीतलं पत्र लिंकनने लिहिल्याचा कुठलाही पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. उलट यंत्राचा लिंकन जे बोलायचा, ते त्याच्या वेगवेगळ्या खऱ्या भाषणांतले उतारे जोडून केलेलं होतं. इतिहासाच्या मास्तरांनी दोन वेळा बसून ऐकलं ते अस्सल होतं. बरंच झालं म्हणायचं.

त्या थेटरातल्या अंधारात मला १९६१ चे नेहरूही आठवले. त्या नोव्हेंबरात, बहात्तराव्या वाढदिवसाच्या तोंडावर, अमेरिकेच्या दौऱ्यात पंतप्रधान नेहरू डिस्नेलँड बघायला आले होते, बरोबर इंदिराबाई. वॉल्टने स्वतः त्यांना फिरवलं. पुढच्याच महिन्यात गोवा मुक्त झाला, म्हणजे डोक्याला काय काय असेल बघा. तरी म्हाताऱ्या बापाने लेकीबरोबर एक दिवस काढला. मला तर नुसती चार राइडची घाई होती.

डायेनने २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वडिलांच्या नावाचं संग्रहालय उघडलं, तिथेही ग्रिफिथ पार्कातला एक बाक आहे. वडिलांची एवढी मोठमोठी कामं, पण लेकीला बाकही ठेवावासा वाटला.

जुलै २०२५ मध्ये बागेला सत्तर वर्षं झाली. त्या निमित्ताने त्याच थेटरात आता खुद्द वॉल्टचं यंत्र उभं राहून बोलतं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पिल्लू पाच वर्षांची झाली, आपण सगळे जाऊ. तुमचे गुडघे दुखतात, तर तुम्ही आणि आई बाकावर बसा निवांत."

मी म्हटलं, बसेन की. फक्त त्याला एक अट घातली आहे. मी "चल, तू बघच" म्हणालो की घड्याळ बघायचं नाही.