१९० क्रमांकाची डिस्क

आमच्या कामात नवा आभासी डेस्कटॉप कुणी ‘बनवत’ नाही, ‘काढतात’. “सोमवारी नवी बॅच येतेय, चाळीस डेस्कटॉप काढून ठेव,” असा निरोप येतो. झेरॉक्स काढतात, त्यातलंच हे काढणं. पडद्यामागे घडतंही बरंचसं तसंच. एका आभासी मशीनवर विंडोज टाकायचं, पॅच मारायचे, ऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर, अँटिव्हायरस सगळं बसवायचं, मशीन बंद करायचं आणि त्या क्षणाचा स्नॅपशॉट घ्यायचा. ही झाली गोल्डन इमेज. मग पूल, म्हणजे डेस्कटॉपचा गट, निवडायचा, आकडा टाकायचा, की थोड्या वेळात चाळीस डेस्कटॉप हजर.

झेरॉक्सशी साम्य एका जागी सुटतं, आणि सगळी कारागिरी तिथेच आहे. चाळीस पुऱ्या प्रती कधी निघतच नाहीत. चाळीस जण एकच मूळ डिस्क वाचत असतात आणि ज्याचं जे बदलेल, तेवढंच त्याच्या छोट्या डिस्कवर उतरतं. वर्गात फळा एक आणि पाटी ज्याची त्याची, तसं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती अगदी नवी युक्ती वाटली होती. पुढे कळलं की तिचं मूळ गाव अमेरिकेतलं, मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज आहे आणि तिनं साठी गाठत आणली आहे.

१९६१ च्या नोव्हेंबरात तिथल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था चालवून दाखवली. एक आयबीएम ७०९ संगणक, त्याला जोडलेली चार टंकयंत्रं, आणि चौघांनाही वाटावं की यंत्र माझ्याच हुकमात आहे. डिस्क नव्हती. एकाचं काम थांबवून दुसऱ्याचं हाती घ्यायचं, तर पहिल्याचं अर्धवट काम चुंबकीय टेपवर काढून ठेवावं लागे. वाटून घेतलेल्या संगणकाचा घसा आवळला जातो तो साठवणीपाशी, हे त्या पहिल्या प्रयोगातच दिसलं होतं. पुढे ही व्यवस्था मोठी झाली, तिला डिस्क मिळाली, माणसं वाढली. तेव्हाचा एक प्रसंग कॉर्बाटोंनीच नंतर सांगितला आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी एकाच फोल्डरमध्ये दोन फायली सुधारत होते. एकीत लॉगिन करणाऱ्यांना दाखवायचा दिवसाचा निरोप होता, दुसरीत सगळ्यांचे पासवर्ड. संपादन करणारा प्रोग्रॅम कच्च्या फाइलला कायम एकच नाव देई. दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो जो लॉगिन करी त्याच्यापुढे सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले.

एकाच घरात सगळे राहायला लागले की असं होतं. यातून दुसरी वाट काढली ती रॉबर्ट क्रीझी यांनी. ते एमआयटीत सीटीएसएसवर काम करून आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये गेले होते. १९६४ च्या शेवटी त्यांनी आणि लेस कोमो यांनी ठरवलं की एक व्यवस्था सगळ्यांत वाटण्यापेक्षा अख्खं यंत्रच प्रत्येकाला द्यायचं. खरं नव्हे, भासाचं, पण इतकं हुबेहूब की त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला फरक कळू नये. त्यातून सीपी-४० आलं. १९६७ च्या जानेवारीत ते रोजच्या वापरात होतं आणि एका सिस्टिम/३६० मॉडेल ४० यंत्रावर प्रत्येकी २५६ किलोबाइट मेमरीची १४ आभासी यंत्रं चालवत होतं. त्या प्रत्येक यंत्रात चालवायला सीएमएस नावाची साधी, एकट्या माणसापुरती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली गेली. व्यवस्था एकट्यापुरती, यंत्र एकट्याचं, आणि दोन्ही एका मोठ्या संगणकाच्या पोटात. पर्सनल कॉम्प्युटर हा शब्द रुळण्याआधीची ही गोष्ट आहे. माझ्या मते आभासी डेस्कटॉपचा जन्म इथेच झाला.

२ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने याच घराण्यातलं व्हीएम/३७० जाहीर केलं. त्यात नव्या माणसाला ‘मशीन द्यायचं’ म्हणजे काय करायचं, हे मी वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. डिरेक्टरी नावाच्या एका फाइलीत त्या माणसाच्या नावे पाच-सात ओळी लिहायच्या. नाव आणि पासवर्ड. मेमरी किती. टंकयंत्र कुठलं. पंचकार्ड वाचणारं यंत्र, पंच करणारं यंत्र, प्रिंटर, ही तिन्ही आभासी. माणसं एकमेकांना फाइल पाठवत ती आपल्या आभासी पंचमधून दुसऱ्याच्या आभासी कार्ड-वाचकात टाकून. मग डिस्कच्या ओळी. खऱ्या डिस्कचे तुकडे पाडून मिनिडिस्क बनवलेल्या असत. १९१ क्रमांकाची मिनिडिस्क त्या माणसाची स्वतःची, तिथे तो हवं ते लिहील. आणि १९० क्रमांकाची फक्त जोडलेली, वाचण्यापुरती. तिच्यावर सीएमएस असे. ती साऱ्यांची एकच.

१९० म्हणजे फळा, १९१ म्हणजे पाटी. प्रोव्हिजनिंग म्हणून आज जे आम्ही करतो, त्याचा सांगाडा त्या पाच-सात ओळींत उभा आहे.

मग १९८१ साली आयबीएमचा पीसी आला आणि काही वर्षांत डिस्क ज्याच्या त्याच्या टेबलाखाली गेली. या वंशाची धाकटी पाती मेनफ्रेमच्या खोलीतच राहिली. पीसींची संख्या हजारांत गेल्यावर कंपन्यांना पुन्हा एकत्र आणायची गरज भासली, तेव्हा आधी जुनी, सीटीएसएसची वाट निघाली. १९८९ साली सुरू झालेल्या सिट्रिक्सने १९९५ मध्ये विनफ्रेम आणलं, १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. एक विंडोज, त्यात अनेक माणसं. स्वस्त पडे आणि चालेही बरं. पण एकाच्या प्रोग्रॅमने सर्व्हर लटकवला की सगळे लटकत. शिवाय कितीतरी प्रोग्रॅम मशीनवर एकच माणूस आहे असं धरून लिहिलेले असत. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या बुनियाँ, डिव्हाइन आणि रोझेनब्लम यांनी डिस्को या संशोधन-प्रकल्पात आभासी यंत्राची कल्पना मेनफ्रेमबाहेर पुन्हा जिवंत केली. त्यांच्या डिस्कमध्येही वाचणं सामाईक आणि लिहिणं वेगळं, ही युक्ती होती. तिघेही पुढच्याच वर्षी डायन ग्रीन आणि एडवर्ड वाँग यांच्यासह व्हीएमवेअरचे संस्थापक झाले. काही वर्षांनी लोकांनी सर्व्हरवरच्या आभासी यंत्रात सर्व्हरऐवजी विंडोज एक्सपी टाकून पाहिलं, आणि प्रत्येकाला आपलं अख्खं विंडोज मिळालं. क्रीझींची वाट चाळीस वर्षांनी परत सापडली होती.

आता सकाळचे नऊ.

मी तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीत होतो. आभासी डेस्कटॉप नुकतेच आले होते. त्यांच्या डिस्क सॅनवर, म्हणजे सगळ्या सर्व्हरांना जाळ्याने जोडलेल्या एका मोठ्या साठवण-कपाटावर होत्या. रात्री सगळं सुरळीत. सकाळी शिफ्ट भरली, शेकडो जणांनी दहा-पंधरा मिनिटांत लॉगिन केलं, आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर ते गोल फिरत राहिलं. सर्व्हरचा प्रोसेसर रिकामा, मेमरी शिल्लक, जाळं मोकळं. कपाटातल्या डिस्क मात्र धापा टाकत होत्या. याला बूट स्टॉर्म म्हणतात हे नाव मला त्या आठवड्यात कळलं. दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराला तेच झालं, कारण सगळ्या मशीनवर अँटिव्हायरसचं स्कॅन त्याच वेळेला लावलेलं होतं.

हिशेब साधा आहे आणि तो मांडल्याशिवाय पुढची कथा कळत नाही. मिनिटाला १५,००० फेरे घेणारी चांगली डिस्क सेकंदाला साधारण १८० वाचन-लेखनं करते. शांतपणे काम करणाऱ्या डेस्कटॉपला सेकंदाला १० लागतात असं धरा; ५०० डेस्कटॉपना ५,०००. त्यांतली ४,००० लिहिण्याची, कारण विंडोज सतत काहीतरी लिहीत असतं. रेड-५ पद्धतीत, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी पॅरिटी नावाच्या जादा नोंदीवरून माहिती परत मिळावी अशा रचनेत, एक लिहिणं म्हणजे चार उलाढाली: जुनं वाच, जुनी पॅरिटी वाच, नवं लिही, नवी पॅरिटी लिही. झाल्या १६,०००, अधिक वाचण्याच्या १,०००. भागिले १८०. सुमारे ९५ डिस्क, आणि त्याही शांत वेळेला. सकाळच्या नऊचा हिशेब वेगळाच.

२००८ च्या अखेरीस व्हीएमवेअरने व्ह्यू कंपोजर आणला आणि लिंक्ड क्लोन ऑफिसात पोचले. मूळ इमेजची एक रेप्लिका, आणि प्रत्येक डेस्कटॉपची बदलांपुरती डेल्टा डिस्क. ४० जीबीच्या ५०० प्रती, म्हणजे २० टीबी, होत्या त्या जागी रेप्लिका आणि प्रत्येकी चार-पाच जीबी. १९० आणि १९१ नव्या नावांनी परत आल्या. जागा वाचली. पण ९५ डिस्कांचं गणित जागेचं नव्हतंच, ते वेगाचं होतं. दहा डिस्कांत मावणारा माल वेगासाठी ९५ डिस्कांवर पसरून ठेवायचा, असे प्रस्ताव मी स्वतः लिहिले आहेत. वर आता सगळ्यांची नजर एकाच फळ्यावर.

उत्तर आलं ते डेस्कटॉपवाल्यांकडून नाही. २००३ साली गूगलच्या गेमावत, गोबिऑफ आणि ल्युंग यांनी गूगल फाइल सिस्टिमवरचा निबंध प्रसिद्ध केला होता. महागड्या कपाटाऐवजी साधे, बिघडू शकणारे सर्व्हर घ्या, त्यांच्या पोटातल्याच डिस्क वापरा, प्रत्येक तुकडा तीन ठिकाणी ठेवा, बाकीचं सॉफ्टवेअर सांभाळील. त्या फाइल सिस्टिमवर काम केलेले मोहित अरोन यांनी धीरज पांडे आणि अजीत सिंग यांच्यासह २००९ मध्ये नुटानिक्स स्थापन केली. त्यांचं यंत्र २०११ मध्ये बाजारात आलं. दोन युनिट उंचीच्या एका पेटीत चार सर्व्हर, प्रत्येकात फ्लॅश आणि साध्या डिस्क, आणि प्रत्येकावर एक कंट्रोलर नावाचं आभासी यंत्र. हे कंट्रोलर आपसांत बोलून सगळ्या डिस्क मिळून एकच साठवण असल्याचा भास देतात. कपाट गेलं. डिस्क पुन्हा त्याच यंत्रात आली, जिथे काम चालतं. यालाच पुढे हायपरकन्व्हर्ज्ड म्हणू लागले. सुरुवातीची गिऱ्हाइकं मोठ्या संख्येने आभासी डेस्कटॉपवाली होती, आणि यात मला नवल वाटत नाही. ती ठेच आम्हालाच रोज सकाळी लागत होती. २०१४ च्या मार्चमध्ये व्हीएमवेअरने व्हीसॅन आणलं आणि ही रीत सर्वांची झाली.

यातली एक बारीक सोय मला फार आवडते. नुटानिक्समध्ये तिचं नाव शॅडो क्लोन. एकच डिस्क अनेक सर्व्हर फक्त वाचत आहेत असं कंट्रोलरांना दिसलं, की ती वाचण्यापुरतीच ठरते आणि वाचलेला भाग प्रत्येक सर्व्हर आपल्यापाशी धरून ठेवतो. रेप्लिका नेमकी अशीच डिस्क. शाळेत एकच फळा होता, आता प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर तोच मजकूर उमटतो. मूळ डिस्कमध्ये काही बदललं, तर त्या सावल्या आपोआप टाकून दिल्या जातात. मूळ प्रत न बदलण्याची शिस्त पाळली म्हणून हे सगळं सुरक्षित आहे. व्हीएम/३७०मध्ये १९० फक्त वाचण्यापुरती जोडत, त्यामागेही हीच शिस्त होती.

२०१६ मध्ये व्हीएमवेअरच्या होरायझन ७ने इन्स्टंट क्लोन आणले. त्यात डिस्कबरोबर मेमरीही सामाईक. चालू असलेलं मूळ मशीन क्षणभर थिजवायचं आणि त्यातूनच नवं फुटायचं, त्यामुळे विंडोज पुन्हा बूट करावंच लागत नाही. डेस्कटॉप काही सेकंदांत जन्मतो, माणूस लॉगआउट झाला की पुसला जातो. पाटी रोज कोरी.

पण माणसाला आपली पाटी हवी असते. “सर, काल माझ्या डेस्कटॉपवर फाइल होती,” हा फोन मी किती वेळा घेतला असेन. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विकत घेतलेलं एफएसलॉजिक्स हेच सांभाळतं. माणसाचं सगळं प्रोफाइल एका आभासी डिस्कच्या फाइलीत ठेवायचं आणि तो ज्या क्लोनवर येईल तिथे लॉगिनच्या वेळी जोडायचं. मी माझ्या नोंदवहीत तिला १९१च म्हणतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, तेव्हा काही ठिकाणी माणसांचे पीसी टेम्पोत घालून घरोघर पोचवले गेले. आम्ही पुलाचा आकडा वाढवला, पेट्यांत जागा होती तितका. आता महिन्यातून एकदा, मायक्रोसॉफ्टचे मंगळवारचे पॅच आले की मी मूळ मशीन उघडतो, पॅच मारतो, प्रिंटर तपासतो, बंद करतो, स्नॅपशॉट घेतो आणि पुलाला नवी इमेज देतो. रात्रभर जुने क्लोन मिटत जातात, नवे फुटत जातात. सकाळी पावणेनऊला पहिल्या लॉगिन होतात त्या हिशेब विभागातल्या एक बाई. त्यांची १९१ जोडली जाते, आणि त्यांच्या नातवाचा वॉलपेपर उजव्या कोपऱ्यातल्या तीन एक्सेल फायलींसकट जिथल्या तिथे येतो.