तपासलेला पेपर

किनवटच्या बसस्थानकावर जूनमध्ये ट्रंक, गादी घेऊन उभी असलेली मुलं दिसली, की ती नांदेडला नाहीतर लातूरला शिकायला निघालीत, हे विचारावं लागत नाही. दहावीला बरे गुण पडले की पोरगं बाहेर पाठवायचं, ही आता रीतच झाली आहे. पण गुण मिळवायचा अभ्यास आपल्याकडे आला कुठून?

किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून चाले. घरी मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी नाहीतर गोरमाटी, शाळेत उर्दू. अशा मुलानं अर्थ बाजूला ठेवून धडाच पाठ केला, तर त्याला दोष कसा द्यावा? पुढं भाषा बदलली, पण घोकंपट्टी मुक्कामालाच राहिली.

तिला धक्का लातूरनं दिला, असं मला वाटतं. तिथलं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि पुढं प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात तिथं जी घडी बसत गेली, तिलाच लोक 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकली, तेव्हा पुण्या-मुंबईलाही नवल वाटलं. जादू काहीच नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, बोर्डासारखा पेपर घ्यायचा, तपासून मुलाच्या हातात द्यायचा, गुण कुठं गेले ते दाखवायचं. आणि पुन्हा पेपर.

यानं मुलांची यंत्रं होतात, ही टीका तेव्हाही झाली. ती अगदीच खोटी नाही. पण २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच उतारा काहींनी पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर लिहिणारे.

लातूरचं नाव गावोगाव गेलं, ते मात्र शिकवण्यांच्या पाट्यांवर. तास वाढले, फी वाढली. तपासलेला पेपर मागं पडला. ही फी किनवटच्या सगळ्याच घरांना झेपणारी नाही. त्यांनी निदान रोज रात्री पुस्तक मिटून मुलाला एक उत्तर लिहायला लावावं, सकाळी ते शिक्षकांना दाखवायला सांगावं. आणि गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाचं उत्तर चुकलं असेल, तर लाल रेघ मारण्याआधी शिक्षकांनी त्याला प्रश्न कळला होता का, एवढं विचारावं.